जुन्या शहरात हॉटेल निवडताना: गाडी थांबते तिथपासून पलंगापर्यंत

जुन्या शहराच्या गाभ्यात राहायचं ठरलं की बहुतेक जण हॉटेलांची यादी उघडून आधी फोटो आणि गुण बघतात. मी ती यादी उघडायच्या आधी एकच गोष्ट शोधते: गाडी कुठे थांबते? टॅक्सी, बस, बोट, जे असेल ते. तिथून हॉटेलच्या दारापर्यंतचा आणि दारापासून पलंगापर्यंतचा रस्ता पावलापावलाने कळला की निम्मी निवड झालेली असते. माझ्यासोबत बहुतेक वेळा आई असते. सपाट रस्त्यावर तिला कितीही चालवा, ती थकत नाही. पायऱ्या आल्या की तिचे गुडघे दुखायला लागतात. त्यामुळे ‘मुख्य चौकापासून पाच मिनिटं’ एवढ्यावर माझं भागत नाही. ती पाच मिनिटं सपाटीची की चढाची, हे मला आधी हवं असतं.

व्हेनिसमध्ये गाड्या पिआत्झाले रोमापाशी संपतात आणि रेल्वे सांता लुचिया स्थानकात. पुढे पाय नाहीतर बोट. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. तिथे मीटर मोजण्यात अर्थ नाही. बोटीच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत किती पूल लागतात ते मोजायचं. एकही पूल न ओलांडता पोचता येईल असं हॉटेल सापडलं तर दिसायला साधं असलं तरी मी तेच घेते. शिवाय तिथे घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नसतात, अख्ख्या विभागाला मिळून एकच मालिका असते. म्हणून नुसत्या पत्त्यावर विसंबू नका. हॉटेलकडून नकाशावरची खूण, जवळच्या थांब्याचं नाव आणि कुठल्या वळणावर वळायचं ते लिहून मागा.

नकाशा उंची लपवतो, हे पक्कं लक्षात ठेवा. एडिनबरात जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि काउगेट हे रस्ते नकाशावर एकमेकांना छेदताना दिसतात. प्रत्यक्षात एक वरून जातो आणि दुसरा त्याच्या कमानीखालून. सामान घेऊन त्या ‘चौकात’ पोचलेल्या माणसाला खाली उतरायला पायऱ्या किंवा लांबचा वळसा. क्रोएशियातल्या दुब्रोव्निकच्या जुन्या शहराचा मुख्य रस्ता स्ट्राडुन अगदी सपाट आहे, पण त्याच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे सरळ जिनेच. दोन हॉटेलं स्ट्राडुनपासून सारख्याच अंतरावर असतील, तरी एकाकडे चालत जाता येतं आणि दुसऱ्याकडे चढावं लागतं.

लिस्बनमध्ये हा फरक इतिहासानेच आखून दिला आहे. १७५५च्या भूकंपात नदीकाठचा बायशा भाग उद्ध्वस्त झाला आणि सरळ, काटकोनी रस्त्यांचा नव्याने बांधला गेला. शेजारच्या टेकडीवरचा अल्फामा बराचसा वाचला, म्हणून तिथे अजूनही जुन्या चिंचोळ्या गल्ल्या आणि चढ आहेत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मुक्काम बायशात करावा आणि अल्फामा दिवसा, रिकाम्या हातांनी, सावकाश बघावा. तिथल्या पदपथांवरचे चुनखडीचे लहान दगड वापराने गुळगुळीत झालेले आहेत आणि पावसात चांगलेच निसरडे होतात, तेव्हा तळाला चांगली पकड असलेले चप्पल-बूट हवेत. आपल्याकडे जयपूरचा तटाच्या आतला भाग १७२७ पासूनच आखून वसवलेला, म्हणून बराचसा सपाट आणि सरळ. तिथे चढाची चिंता नाही. रहदारी आणि हॉर्नचा विचार करायचा.

हे घरबसल्या तपासायचं कसं? नकाशात चालण्याचा मार्ग टाका आणि चढ-उतार दाखवत असेल तर तो बघा. मग रस्त्यावरचे फोटो उघडून शेवटचा टप्पा थांब्यापासून दारापर्यंत स्वतः ‘चाला’. जमिनीवर फरसबंदी आहे की डांबर, कठडा आहे का, रात्री दिवा असेल का, सगळं दिसतं. ते फोटो काढणारी गाडी जिथपर्यंत गेलेलीच नाही, तिथे तुमची टॅक्सीही बहुधा जाणार नाही. मोरोक्कोतल्या फेझच्या मदिनेत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, तर गाड्या वेशीबाहेरच राहतात. तिथे सामान हातगाडीवरून आणण्याची सोय हॉटेल करतं का आणि वेशीवर कोणी घ्यायला येतं का, हे आधी ठरवून ठेवावं, विशेषतः रात्री पोचणार असाल तर.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर आणखी एक काम. इटलीतल्या अनेक शहरांत, फ्लॉरेन्समध्येही, जुन्या भागात मर्यादित वाहतुकीचं क्षेत्र असतं आणि कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात. पाहुण्यांच्या गाडीचा क्रमांक हॉटेल त्या यंत्रणेला कळवू शकतं, पण तो आपण हॉटेलला द्यावा लागतो. नाहीतर दंडाचं पत्र नंतर येतं.

आता इमारतीच्या आत. जुनी इमारत वारसा म्हणून संरक्षित असली की मालकाला मनासारखे बदल करता येत नाहीत. लिफ्टसाठी मजले कापायला परवानगी मिळत नाही, दर्शनी भिंतीवर वातानुकूलन यंत्राचा डबा लावता येत नाही, खिडक्यांच्या जुन्या चौकटी बदलता येत नाहीत. आम्सटरडॅमच्या कालव्याकाठची घरं इतकी अरुंद आणि जिने इतके उभे, की सामान वर ओढून घ्यायला दर्शनी भागाच्या माथ्यावर आकडे बसवलेले आहेत. तिथे लिफ्ट नसणं हा हॉटेलचा आळस नव्हे. पण तो जिना आपल्याला झेपणार आहे का, हे आपणच विचारायचं.

‘लिफ्ट आहे’ एवढ्या उत्तरावर मी थांबत नाही. लिफ्ट तळमजल्यापासून सुरू होते की आधी सात-आठ पायऱ्या आहेत? माझ्या खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का? स्वागतकक्ष तळमजल्यावर आहे की जिना चढल्यावर? हॉटेल इमारतीच्या वरच्या मजल्यांवरच असलं तर हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. मजला विचारताना मी आकड्याऐवजी ‘रस्त्यापासून किती जिने’ असं विचारते, कारण पहिला मजला कुठून मोजायचा हे देशोदेशी वेगळं असतं.

अशा इमारतीत दोन खोल्या सारख्या नसतात. जाहिरातीतली प्रशस्त, उंच छताची खोली एखादीच असू शकते, आणि तुम्हाला मिळालेली त्याच किमतीची खोली पोटमाळ्यावर, उतरत्या छताखाली. पोटमाळा हिवाळ्यात सुरेख. उन्हाळ्यात दिवसभर तापलेलं छत रात्रीही उष्णता सोडत राहतं. तळमजल्याच्या खोल्यांना चिंचोळ्या गल्लीत ऊन मिळत नाही, ओल येते, आणि पडदा सरकवला तर जाणारा-येणारा आत बघतो. मला पहिला किंवा दुसरा मजला आवडतो: आईला चढता येतो आणि रस्त्यापासून थोडं अंतर राहतं. जाड दगडी भिंतींमुळे आतल्या खोल्यांत फोनला रेंज आणि वाय-फाय दोन्ही अडतात. काम घेऊन जाणाऱ्यांनी हे विचारून ठेवावं.

आवाजाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण जुन्या भागातला मुक्काम बिघडतो तो बहुतेक वेळा झोपेमुळेच. गाड्या नाहीत म्हणजे शांतता, असं समजू नका. दोन्ही बाजूंना दगडी भिंती असलेल्या गल्लीत आवाज वर चढतो आणि घुमतो. खाली कोणी साधं बोललं तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं. रात्री उशिरापर्यंत बाहेर मांडलेल्या टेबलांचा गलका. तो संपतो न संपतो तोच पहाटे माल पोचवणाऱ्या गाड्या येतात, कारण पादचारी रस्त्यांवर त्यांना बहुधा सकाळच्या ठरावीक वेळेतच मुभा असते. मग कचऱ्याची गाडी आणि त्यात रिकाम्या होणाऱ्या बाटल्या. चर्चचं घड्याळ रात्रभर तास देतं की नाही, हेही बघायचं. इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागात मशिदी जवळजवळ आहेत आणि पहाटेची अजान हमखास ऐकू येते. मला ती ऐकायला आवडते, पण हलक्या झोपेच्या माणसाने ते माहीत असूनच खोली घ्यावी.

म्हणून खिडकी कुठल्या बाजूला उघडते, हा माझा सगळ्यात आग्रहाचा प्रश्न. रस्त्याच्या बाजूची खोली फोटोत सुंदर दिसते, मागच्या अंगणाकडची झोपायला बरी. पण अंगणही तपासा. फेझच्या रियाधांसारख्या घरांत सगळ्या खोल्या मधल्या अंगणाकडे उघडतात. रस्त्याचा आवाज आत येत नाही, मात्र अंगणात न्याहारीची भांडी वाजली की सगळं घर जागं होतं.

पाहुण्यांच्या अभिप्रायांत मी एकूण गुण बघत नाही. अभिप्रायांत शब्द शोधायची सोय असते, तिथे जिना, लिफ्ट, आवाज, घंटा, ओल, चढ असे शब्द इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत घालून बघते. कमी गुण देणाऱ्याचं कारण वाचते. ते ‘खोली लहान होती’ असेल तर सोडून देते, ‘चार रात्री झोप नाही’ असेल तर खोली कुठल्या बाजूची होती ते शोधते. आणि महिना बघते. ऑगस्टमधलं एडिनबरा, जेव्हा तिथले मोठे महोत्सव भरतात, आणि नोव्हेंबरमधलं एडिनबरा ही मुक्कामाच्या दृष्टीने दोन वेगळी शहरं आहेत. व्हिएतनाममधल्या होई आनच्या जुन्या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरात थु बोन नदीचं पाणी शिरतं, तेव्हा नदीकाठचं हॉटेल त्या दिवसांत नको.

अगदी मुख्य चौकात राहावं का? माझं मत: नाही. जुन्या भागाच्या कडेला, तटाच्या किंवा वेशीच्या जवळ, चौकापासून दोन-तीन गल्ल्या आत राहावं. टॅक्सी जवळ येते, औषधाचं आणि किराण्याचं दुकान सापडतं, सकाळी शाळेत निघालेली मुलं दिसतात. अशा जागी पहाटे लवकर उठून, गर्दीच्या आधी, रिकाम्या चौकात चालत जाता येतं. गाभ्यात राहण्याचा खरा फायदा तोच, आणि तो कडेला राहूनही मिळतो.

त्या शाळकरी मुलांमुळे आणखी एक गोष्ट मी मनापासून पाळते. रहिवासी घरांचं पर्यटकांच्या मुक्कामांत रूपांतर होत गेलं की जुन्या वस्तीतली माणसं बाहेर ढकलली जातात. बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटक-फ्लॅटचे सगळे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे, ते याच कारणाने. फ्लॅट घेणार असाल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का बघा. नसेल तर मी घेत नाही. जैसलमेरच्या किल्ल्यात अजून वस्ती आहे. मुक्कामाच्या सोयी वाढल्या तसा आतला पाण्याचा वापर वाढला, ते पाणी पायात झिरपून किल्ल्याच्या भिंती खचू लागल्या. म्हणून मी किल्ल्याबाहेर राहते, संध्याकाळी आत जाते, आणि बाहेरच्या गच्चीवरून अख्खा किल्ला दिसतो तो वेगळाच.

दोन-तीन नावं उरली की हॉटेलला लिहा. माझं पत्र साधारण असं असतं: ‘आम्ही दोघी आहोत, एक ज्येष्ठ. टॅक्सी किती जवळ येते? तिथून दारापर्यंत पायऱ्या किती? दारापासून खोलीपर्यंत किती? खिडकी कुठे उघडते? त्या दिवसांत समोर बांधकाम किंवा उत्सव आहे का? शहराचा पर्यटक कर वेगळा भरायचा का?’ व्हेनिसला जाणार असाल तर पुढचंही विचारा: ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेशशुल्क असतं. मुक्कामाच्या पाहुण्यांना ते माफ असलं तरी तशी नोंद करावी लागते.

‘बाहेर तीन पायऱ्या, आत एकवीस, सामान आम्ही चढवू’ असं उत्तर आलं की मी लगेच आरक्षण करते. ‘आमचं हॉटेल अतिशय सोयीचं आहे’ एवढंच आलं तर पुढच्या नावाकडे वळते. जी खोली ठरली ती कुठल्या मजल्यावरची आणि कुठल्या बाजूची, हे लेखी घ्या. पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी खोलीत जा, खिडकी उघडा, खाली कोणाची टेबलं मांडलेली आहेत ते बघा, नळ सोडा. बदलून मागायची असेल तर तेव्हाच मागा, कारण संध्याकाळ झाली की रिकाम्या खोल्या बाकीच्या पाहुण्यांना दिल्या जातात.