आधी शिकेकाई, मग इलेक्ट्रोड

भाऊच्या डोक्याला रोज खोबरेल थापल्याशिवाय आईला चैन पडत नाही. मेंदूचा सिग्नल टिपायला डोक्यावर लावायचा इलेक्ट्रोड तेलकट टाळूवर नीट सिग्नल देत नाही, हे कळायला मला चार दिवस लागले. तोवर मी वायरीच बदलत होतो. म्हणून पहिलं काम, डोकं शिकेकाईनं धुऊन कोरडं करा.

कडबा भरताना भाऊ बैलगाडीवरून मानेवर पडले. तेव्हापासून मानेखाली हालचाल नाही. मी आयटीआयचा वायरमन. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरात, लॅपटॉपमध्ये उभ्या केलेल्या आमच्याच शेतात मी त्यांना त्या सिग्नलवर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फिरवतो.

मेंदूचा सिग्नल टाळूवर येतो तो काही मायक्रोव्होल्टचा. घरातली 50 हर्ट्झची वीज त्याला सहज गिळते. कुलर बंद, चार्जर काढलेला, लॅपटॉप बॅटरीवर. मे महिन्यात कुलर बंद म्हणजे शिक्षाच, घामानंही पडद्यावरची सिग्नलची रेघ वाहत जाते, म्हणून आम्ही पहाटे पाचला बसतो. विजेची ही गुणगुण गाळणारा नॉच फिल्टर 50 चाच लावा. अमेरिकेतले व्हिडिओ 60 सांगतात.

टेपनं नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजा, मग कानापासून कानापर्यंत. दोन्हींचे मध्य जुळतात तो बिंदू सीझेड. मेंदूतला पायांच्या हालचालीचा भाग त्याखालीच. त्याच्या पुढे-मागे अडीच सेंटीमीटरवर एकेक इलेक्ट्रोड, ग्राउंड कपाळावर. 2007 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी चारही अवयव अधू असलेल्या माणसाला एवढ्याच एका चॅनेलवर, म्हणजे इलेक्ट्रोडच्या एका जोडीवर, आभासी रस्त्यात व्हीलचेअर चालवायला दिली होती. पायांची कल्पना केली की खुर्ची पुढे, सोडली की थांब. आमचंही तेवढंच.

मेंदूचे सिग्नल वाचणारं ओपनव्हाइब हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ‘पाय’ आणि ‘आराम’ चाळीस-चाळीस वेळा नोंदवा, या दोन्हींतला फरक ओळखणारा क्लासिफायर शिकवा, निकाल युनिटीत, म्हणजे आभासी शेत उभं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पाठवा. हे यूट्यूबवर सापडेल. अडतं ते पुढे.

मी म्हणत होतो, ‘‘भाऊ, चालताना स्वतःले पाहा.’’ ते वैतागले, ‘‘मले तं पडदाच दिसते बे!’’ आई पलीकडं गहू निवडत होती. म्हणाली, ‘‘वखरलेल्या वावरात ढेकूळ पायाखाली फुटते, तसं कर ना बाप्पा.’’ पडद्यावरचा ‘पाय’चा बार हलला. पाय दिसायला नकोत, जाणवायला हवेत. नुसत्या चित्रानं तो भाग फारसा जागा होत नाही.

बार एकदम उसळला तर मात्र खूश होऊ नका, दात बघा. जबडा आवळला की स्नायूंचा सिग्नल येतो. भाऊंनी दोन दिवस मला तसंच फसवलं, मुद्दाम की काय देव जाणे.

वीस मिनिटांवर ताणू नका, डोकं शिणतं. आणि चालण्यापेक्षा थांबणं अवघड. निकाल सेकंदभर मागून येतो, म्हणून धुरा खऱ्यापेक्षा दुप्पट रुंद ठेवा. परवा बोरीपाशी थांबायचे ते भाऊ सरळ विहिरीत गेले. रात्री बसून विहिरीला कठडा बांधला, लॅपटॉपमधल्या. वावरातल्या विहिरीचा अजून राहिलाच आहे.