औषधाचा पॅच लावताय? या चुका टाळा (आणि बारीक सुयांच्या नव्या पॅचबद्दलही थोडं)

पॅच दिसायला इतका साधा असतो ना, की त्याची कुणाला भीतीच वाटत नाही. गोळी चुकून दोनदा घेतली की घरात धावपळ होते, पण पाठीवर दोन पॅच चिकटलेले असले तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

आणि माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच, जुना न काढता नवा लावणं. स्मृतिभ्रंशासाठी रिवास्टिग्मिनचा पॅच देतात, तो दर 24 तासांनी बदलायचा असतो, बऱ्याचदा पाठीवर लावतात कारण हात पोचला तर पेशंट स्वतःच उपटून टाकतो, मग रोज सून लावते, ती दोन दिवस माहेरी गेली की मुलगा लावतो, आणि जुना बनियनखाली तसाच राहतो. असे दोन-तीन पॅच एकाच वेळी अंगावर राहून ओव्हरडोसने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. उलट्या, नाडी मंद होणं, चक्कर असं काही दिसलं तर आधी पूर्ण पाठ तपासा, सापडतील ते सगळे पॅच काढा आणि लगेच डॉक्टरला फोन करा. रोजच्यासाठी सोपा उपाय म्हणजे कालनिर्णयवर जिथे दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात ‘डावीकडे वर’ असं लिहून ठेवा. त्या जागेवर 14 दिवस परत लावायचा नसतो, तेही त्यातच कळतं.

दुसरं, शेक. कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटानिलचा पॅच असतो, 72 तास चालणारा. तो लावल्यावर पूर्ण असर यायला 12 ते 24 तास लागतात, आणि घरच्यांना वाटतं की काही फरकच नाही, म्हणून वरून गरम पाण्याची पिशवी ठेवतात. नका ठेवू! उष्णतेने औषध भराभर आत जातं, इतकं की नुसता 40 अंश सेल्सिअस ताप आला तरी रक्तातलं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने वाढू शकतं आणि श्वास मंदावू शकतो. ताप आला तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना कळवा. पॅच काढला म्हणजे विषय संपला असंही नाही, कातडीत साठलेलं औषध पुढे कितीतरी तास रक्तात उतरत राहतं. आणि 72 तासांनी काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, लहान मुलाच्या हाती लागला तर जीवावर बेतू शकतं, त्यामुळे चिकट बाजू आत घेऊन दुमडा. उघड्या कचऱ्यात तर टाकूच नका. अमेरिकेचं औषध-नियामक खातं एफडीए तर तो सरळ टॉयलेटमध्ये फ्लश करा म्हणतं.

कात्री लावणं हा आणखी एक आवडता उद्योग. काही पॅचमध्ये औषध जेलच्या पिशवीत असतं, कापलं की सगळं एकदम बाहेर. जागा बधिर करणारा लिडोकेनचा पॅच कापता येतो, पण तो फक्त दुखऱ्या जागेपुरता काम करतो, 12 तास ठेवायचा आणि 12 तास काढायचा. पाकिटावर किंवा डॉक्टरने स्पष्ट सांगितलेलं नसेल तर कापू नका, एवढं सरळ ठेवा.

हृदयाच्या नायट्रोग्लिसरीनच्या पॅचचं रिवास्टिग्मिनच्या उलटं आहे, तो 24 तास ठेवला तर शरीराला सवय होते आणि असरच कमी होतो, म्हणून डॉक्टर रोज 10-12 तासांची सुट्टी ठेवायला सांगतात, बहुधा रात्री. अन् एमआरआय असेल तर टेक्निशियनला पॅचबद्दल सांगा, काहींच्या मागच्या थरात धातू असतो आणि तिथे भाजतं.

पॅच सारखा निघतोय? बहुतेक वेळा खोबरेल तेल किंवा पावडर. जागा साध्या पाण्याने पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, केस असतील तर कात्रीने बारीक करा, रेझर नको कारण त्याने वरचा थर खरवडला जातो. मग तळहाताने 30 सेकंद दाबून धरा.

तो वरचा थर म्हणजेच सगळ्या गोष्टीचं मूळ. जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा, पण साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू आत सोडत नाही, आणि इन्सुलिन आहे जवळपास 5800 डाल्टनचं. त्यामुळे ‘शुगर कमी करणारा पॅच’ अशी जाहिरात दिसली तर सोडून द्या. दंडावर जो गोल ‘शुगरचा पॅच’ लोक लावतात तो सेन्सर आहे, तो फक्त मोजतो, औषध देत नाही. लोक यात खरंच गल्लत करतात.

हा थर ओलांडायला मायक्रोनीडल पॅच आलेत, एक मिलिमीटरपेक्षाही आखूड सुया, काहींमध्ये सुईच औषधाची असते आणि कातडीत विरघळून जाते. गांबियामध्ये गोवर-रुबेलाच्या लसीचा असा पॅच बाळांना मनगटावर 5 मिनिटं लावून बघितला, 2024 मध्ये निकाल आले, 9-10 महिन्यांच्या 90 टक्क्यांहून जास्त बाळांमध्ये गोवरविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झाली. लस कारखान्यापासून बाळापर्यंत सतत थंड ठेवायची कटकट कमी होईल म्हणून सगळ्यांचं याकडे लक्ष आहे. पण हे अजून ट्रायलमध्ये आहे, मेडिकलमध्ये मागायला जाऊ नका. आणि असा पॅच कधी वाट्याला आला तर लावून लगेच उपटायचा नाही, सुया विरघळेपर्यंत थांबायचं, नाहीतर अर्धा डोस पॅचलाच चिकटून राहणार.

यातली वाईट चूक मात्र घरोघरी आजच चाललीय. ऑनलाइन डर्मारोलर (बारीक सुया लावलेला रोलर) मागवायचा, तोंडावर फिरवायचा आणि वरून व्हिटॅमिन सी सीरम चोपडायचं! सीरम वरच्या थराच्या भरवशावर बनवलेलं असतं, भोकांतून आत गेल्यावर काहींच्या चेहऱ्यावर ॲलर्जीच्या गाठी उठल्याच्या केसेस नोंदल्या आहेत. रोलर फिरवलेल्या जागेवर औषधाचा पॅच तर अजिबात नको, डोस किती आत जाईल याचा काही हिशोबच राहत नाही.