मिलीबगवर क्रिप्टो सोडताय? या चुका टाळा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत दरवर्षी हीच तक्रार ऐकू येते, मिलीबग (पिठ्या ढेकूण) खाणारे क्रिप्टो भुंगेरे सोडले पण रिझल्टच नाही. बहुतेक वेळा भुंगेरा चांगलाच असतो, गडबड आपल्याकडून होते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे क्रिप्टोची अळीच मारून टाकणं. ती पण पांढरी, अंगभर मेणाचे धागे, मग मजूर मिलीबग समजून ब्रशने घासून काढतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. काडीने जरा डिवचून बघा, अळी चटकन पुढे सरकते आणि पूर्ण वाढली की १३ मिमीपर्यंत जाते, मिलीबगची मादी जेमतेम ३ मिमीची.

मग मुंग्या. मिलीबगचा गोड चिकटा चाटायला त्या येतात आणि क्रिप्टो जवळ आला की चावून हाकलतात, मादीला अंडी घालायलाही टिकू देत नाहीत, मिलीबग मात्र निवांत वाढतो. खोडाला चिकटपट्टी लावता ना, पण मांडवाचे अँगल, तार, ड्रीपची नळी? मुंग्या तिथूनच वर चढतात. आणि पट्टी सैल सालीवर लावली तर खालून वाट मिळते, आधी साल काढा.

तिसरी चूक, नुसते मेलेले किडे मोजत बसणं. शिकारी मित्रकिडा जेवढे किडे खातो त्याहून जास्त जणांचं जेवण मोडतो. भाजीपाल्यावरचा मावा बघा, एकाला धरलं की त्याच्या पाठीवरच्या दोन नळ्यांतून धोक्याचा वास सुटतो, आजूबाजूचे सोंड काढून पळतात, काही तर सरळ खाली पडतात. खाणं तुटलं की वाढ मंदावते, पिल्लं कमी होतात. वाटाण्यावरच्या माव्यात तर ढालकिडे (मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे) फिरत असले की पंखवाली पिल्लं जास्त निघतात, ती उडून जातात, म्हणजे शेजारच्या वाफ्यावरही नजर ठेवा.

नुसत्या भीतीनेही खाणं थांबतं. जर्मनीत २००८ साली ढोबळी मिरचीवर पानं खाणाऱ्या अळ्या सोडून तिथे मधमाश्या फिरू दिल्या, फळं नसलेल्या झाडांवर पानांचं नुकसान ६० ते ७० टक्के कमी झालं. मधमाशी अळीला काही करत नाही हो, पण पंखांच्या कंपनाने अळीला गांधीलमाशी आल्यासारखं वाटतं आणि ती खाणं सोडून थिजते.

क्रिप्टो सोडल्यावर चार दिवसांत 'मिलीबग अजून दिसतोय' म्हणून कडक कीटकनाशक मारणं तर बंदच करा, त्यात आधी क्रिप्टोच मरतो, मिलीबग सालीखाली सुरक्षित.