चिनी मातीच्या इन्सुलेटरवर आरटीव्ही सिलिकॉनचा लेप कसा द्यावा

किनाऱ्याजवळच्या विजेच्या उपकेंद्रात इन्सुलेटरला धो-धो पावसाचा त्रास कमी. उलट पाऊस त्याला धुऊन काढतो. ऑक्टोबरनंतर मीठ साचत जातं आणि पहाटेच्या दवाने किंवा पहिल्या रिमझिमीने भिजलं की फ्लॅशओव्हर, म्हणजे वीज इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून उडी मारते. आरटीव्हीवर, म्हणजे साध्या तापमानाला पिकणाऱ्या सिलिकॉन रबरावर, पाण्याचा सलग थर बसत नाही. लेपातले हलके सिलिकॉन रेणू वर साचलेल्या मळातही झिरपतात, त्यामुळे मळसुद्धा पाणी झटकतो.

पावसाळा सरल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात काम काढा. परमिट (वीज बंद करून कामाची लेखी परवानगी), दोन्ही बाजूंना अर्थिंग, उरलेला विद्युतभार जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड; मगच शिडी.

निम्मं काम धुण्यातच आहे. दाबाच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग तंतू न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. जुनं सिलिकॉन ग्रीस शेडच्या, म्हणजे इन्सुलेटरवरच्या छत्रीसारख्या चकतीच्या, खालच्या खाचेत हमखास उरतं आणि लेप नेमका तिथूनच सोलतो. तडा गेलेला इन्सुलेटर बदला. लेपाने तो सांधत नाही.

डबा तळापासून ढवळा, कारण ट्रॅकिंग (पृष्ठभागावर जळून पडणाऱ्या वीजवाहक रेषा) रोखणारी भुकटी खाली बसते. कॉन्टॅक्ट आणि नेमप्लेट झाका. एअरलेस गनने (हवेशिवाय, नुसत्या दाबाने फवारणाऱ्या) आधी शेडची खालची बाजू, मग वरची. एकाच जाड हातात उरकलं तर कडेला लोंबत्या धारा सुकतात. दोन-तीन पातळ हात द्या. वारा असेल तर थेंब हवेतच सुकून जाळी धरतात, तेव्हा थांबलेलंच बरं.

सुकलेली जाडी साधारण 0.38 मिमी हवी. घन भाग आकारमानाने 50 टक्के असेल तर ओला थर 0.76 मिमी, म्हणजे चौरस मीटरला 0.76 लिटर. फवाऱ्यात 30 टक्के वाया गेला तर जवळपास 1.1 लिटर. क्षेत्रफळ मोजताना शेडची खालची बाजू विसरली की माल हमखास कमी पडतो. ओला थर लगेच कंगवा-गेजने, म्हणजे ओल्या थरात टेकवायच्या दातेरी पट्टीने, मोजा.

हा लेप हवेतल्या ओलाव्यानेच पिकतो, पण पृष्ठभाग मात्र कोरडा हवा. पुरता पिकायचा वेळ डब्यावर बघा.

पुढे दरवर्षी, परमिट घेऊनच, 25 सेंमीवरून 20-30 सेकंद पाणी फवारा. सुटे गोल थेंब दिसले तर लेप शाबूत. पाणी पसरलं तर धुऊन पुन्हा पाणी फवारून बघा. तरीही पसरलं तर नवा हात द्या, मात्र जुना थर घट्ट चिकटलेला असेल तरच.