हवामान कायद्याचा हिशेब कसा मागावा

पीथमपूरच्या एका फाउंड्रीत मी नोकरीभर लेखा विभाग सांभाळला. त्यामुळे कोणी काही सांगू लागलं की मी आधी व्हाउचर मागते. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळीत हवामान बदलाच्या कायद्याचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. तापमान वाढतंय की नाही यावर तासभर वाद होतो, पैशाचं कोणी काढतच नाही. तापमान वाढतंय, हे मला मान्य आहे. पण म्हणून त्याच्या नावाने आलेला प्रत्येक कायदा चोख असतो असं नाही. तो तपासावा लागतो.

आधी बोजा आपल्या घराच्या मापात आणा. कोळशावर २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, टनाला ५० रुपये. २०१६ मध्ये तो ४०० झाला. टनाच्या भाषेत काही कळत नाही. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे युनिटमागे २८ पैसे. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घरात सगळी वीज कोळशाची असेल तर ५६ रुपये. बिलावर यासाठी वेगळी ओळ नसायची, ही रक्कम विजेच्या दरातच मुरलेली असायची. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसायचं.

मग पैसा गेला कुठे ते शोधा. माझा खरा राग इथे आहे. उपकर सुरू झाला स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा तो उपकर रद्द करून त्याच ४०० रुपयांचा भरपाई उपकर लावला, आणि पैसा राज्यांची करातली तूट भरायला वळला. कोळसा तोच, दर तोच, कारण मात्र बदललं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. ‘उपकर रद्द’ एवढाच मथळा वाचून थांबू नका. वाढीव १३ टक्क्यांचे ४०० रुपये होतात ते कोळसा टनाला साधारण ३,०७७ रुपये असताना. त्याहून स्वस्त कोळशावरचा बोजा उतरला, महागावरचा चढला. विजेवर जीएसटी नाही, त्यामुळे वीज कंपनीला या कराची वजावटही मिळत नाही.

सूट कोणाला मिळाली, तेही पाहा. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २००९ मध्ये कार्बन मर्यादेचं विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झालं. मतदानाच्या आदल्या रात्री त्यात तीनशेच्या वर पानांची दुरुस्ती घुसली होती. कार्बन सोडायचे सुरुवातीचे बहुतेक परवाने उद्योगांना फुकट वाटायचं ठरलं होतं. सिनेटमध्ये ते मतदानापर्यंत पोचलंच नाही. त्याच्या खर्चाचे दोन आकडे फिरत होते: संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा, २०२० साली घरटी वर्षाला १७५ डॉलर, आणि विरोधकांचा, ३,१०० च्या वर. विरोधकांनी ज्या अभ्यासातून आकडा काढला, त्याच्या लेखकानेच तो चुकीचा वापरल्याचं सांगितलं. १७५ मध्ये तापमान आवरल्याचे फायदे धरलेले नव्हते. संशय घ्यायचा तर दोन्ही बाजूंचा घ्या.

आपल्या गावात सराव करायला एक चांगलं उदाहरण आहे. महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी व्याजाने पैसे उचलले, व्याज ८.२५ टक्के. पैसा जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी, म्हणजे नर्मदेचं पाणी वर चढवायची वीज स्वस्त पडावी. मला ही मांडणी आवडते, कारण काम एकच आहे आणि मोजता येतं. सुरुवातीचं व्याजच वर्षाला २० कोटींच्या घरात जातं. म्हणून माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका आणि गोलमोल विचारू नका. एवढंच लिहा: प्रकल्पातून दर महिन्याला किती युनिट वीज मिळाली, पंपिंगचं वीजबिल आधी किती होतं आणि आता किती येतं, रोख्यांवर आजवर व्याज किती दिलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.