हँडल थरथरतंय? लगेच कोनसेट बदलू नका

नारायणगावजवळ हायवेला लागून माझं छोटं गॅरेज आहे. "मिस्त्री, हँडल लय थरथरतंय," असं म्हणत आठवड्याला एखाद-दुसरी गाडी येतेच, आणि निम्मे लोक निदानही सोबत घेऊन येतात: "कोनसेट गेला असंल." (कोनसेट म्हणजे चासीच्या गळ्यातले छर्रे आणि वाट्या, ज्यांवर हँडल फिरतं.) कधी खरंच गेलेला असतो. पण एका दूधवाल्याच्या स्प्लेंडरला मी नवा कोनसेट घातला, पैसे घेतले, आणि चौथ्या दिवशी तीच गाडी तशीच थरथरत दारात उभी राहिली. तेव्हापासून पाना उचलायच्या आधी विचारतो, कधी होतं?

60-70 च्या वेगात ॲक्सिलरेटर सोडला आणि 50-40 च्या दरम्यान हँडल भराभर डावं-उजवं मारायला लागलं, तर पुढचा टायर, हवा आणि कोनसेट हे तिघे संशयित. हे हेलकावे सेकंदाला सहा-आठ असतात, मोजता येत नाहीत. याउलट जास्त वेगाला अख्खी गाडीच सावकाश, सापासारखी झुलत असेल तर दोष बहुधा मागे असतो. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर असेल तर डिस्क वाकलेली किंवा ड्रम गोल राहिलेला नाही. आणि हे तपासायला दोन्ही हात सोडून गाडी चालवू नका. मुठी जरा सैल केल्या तरी कळतं.

मग हवा, तीही टायर थंड असताना. किती भरायची ते चेनकव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) स्टिकरवर असतं. पंपावरच्या पोराला विचारू नका. पुढच्या टायरवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, किंवा उंच-सखल लाटा लागल्या, तर टायर संपला, नक्षी कितीही शिल्लक दिसो. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. ती कुठे रिमच्या जवळ, कुठे लांब दिसली तर पंक्चर काढताना टायर नीट बसवलेला नाही. असा टायर परत बसवून घेतला की काम झालं.

आता गाडी डबल स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी मागच्या सीटवर वजन द्यायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. चाक फिरवा आणि शॉकॲब्सॉर्बरला टेकवून एक पेन रिमच्या कडेजवळ धरा. रिम पेनापासून जवळ-लांब होत असेल तर आऊट आहे. हा आऊट, म्हणजे वाकडेपणा, 2 मिमीच्या वर गेला तर काढायलाच हवा. तारांचं चाक असेल तर प्रत्येक तारेवर स्क्रूड्रायव्हर हलका वाजवा. ताठ तार टणकन वाजते, सैल तार ठप्प. मग चाक वर-खाली धरून हलवा, नंतर आडवं धरून. दोन्हीकडे खटखट लागली तर चाकाचं बेरिंग.

कोनसेटची पाळी आता. शॉकॲब्सॉर्बरचे दोन्ही पाय खाली एक्सलजवळ धरून पुढे-मागे ओढा. दुसऱ्या माणसाने टी (दोन्ही शॉकॲब्सॉर्बर वर एकत्र धरणारा भाग) आणि चासीच्या फटीवर बोट ठेवावं. हालचाल बोटाला लागली तर कोनसेट सैल. बोट न ठेवता नुसती 'टक' ऐकून निर्णय घेऊ नका. तशी टक शॉकॲब्सॉर्बरच्या बुशचीही (आतल्या नळीसारख्या अस्तराचीही) असते, ब्रेकपॅडचीही. नंतर हँडल एका बोटाने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. बरोबर मध्ये आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर वाट्यांना छर्ऱ्यांचे खड्डे पडलेत. अशा कोनसेटला सी-पान्याने आवळून उपयोग नाही, बदलाच. खड्ड्यांनी जितके कोनसेट जातात तितकेच प्रेशर वॉशिंगने ग्रीस धुऊन जातात, असं माझं मत आहे.

नुसता सैल असेल तर आवळा, पण बेताने. जास्त आवळला की गाडी हळू वेगात सरळ चालत नाही, दारू प्यायल्यासारखी इकडे-तिकडे जाते. मध्यावरून हलका धक्का दिला की हँडल आपोआप बाजूला पडलं पाहिजे, इतकाच ताण ठेवा.

गाडी पडलेली असेल तर शॉकॲब्सॉर्बरचे पाइप आणि टी बघा. चाक गुडघ्यांत धरून हँडल मुरगाळायचा रस्त्यावरचा उपाय टीमध्ये सरकलेले पाइप जागेवर आणतो. वाकलेला पाइप त्याने सरळ होत नाही, फक्त सरळ दिसतो.

आता त्या दूधवाल्याचं. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारलं, "दादा, जाताना थरथरते का येताना?" म्हणाला, "जाताना. येताना कॅन रिकामे, गाडी लोण्यासारखी." पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. 40 लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसतं दूधच 80 किलोच्या वर, आणि त्याची गाडी 112 किलोची. कॅन मागच्या एक्सलच्याही मागे लटकवलेले, म्हणजे पुढच्या चाकावरचं वजन उचललं गेलेलं. शिवाय चिमट्याचे बुश खाल्लेले. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर सगळा चिमटाच हलत होता. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा एकसारख्या ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे चाक तिरकं. बुश बदलले, चाक सरळ केलं, कॅन लटकवायचा स्टँड वेल्डरकडून चार इंच पुढे घेतला. हे सगळं कोनसेटपेक्षा स्वस्तात झालं.

चालत्या गाडीत थरथर सुरू झाली तर पुढचा ब्रेक दाबू नका आणि हँडल करकचून धरू नका. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरा, थोडं पुढे वाका, ॲक्सिलरेटर सावकाश सोडा. नवा कोनसेट घातलेला असेल तर 500 किलोमीटरनंतर परत दाखवा, तोवर तो बसून थोडा सैल होतो. माझ्याकडे त्या आवळणीचे पैसे लागत नाहीत.