मिरचीवरील भुरी: पान उलटे केल्यावर सापडलेला उपाय

तासगाव तालुक्यातील आमच्या मिरचीवर डिसेंबरात पानांच्या वरच्या बाजूस पिवळे डाग पडून खालची पाने गळू लागली. कमतरता समजून सूक्ष्म अन्नद्रव्ये दिली, नंतर कोळी किडीची शंका घेऊन कोळीनाशक फवारले. पंधरा दिवस आणि पैसा दोन्ही वाया गेले.

अखेर पान उलटून पाहिले, तेव्हा डागाच्या बरोबर खाली पिठासारखी पांढरी बुरशी, म्हणजेच भुरी होती. द्राक्षावरील भुरी पृष्ठभागावर वाढते (आम्हा बागायतदारांची नजर तिलाच सरावलेली), मिरचीवरील लेव्हिलुला टॉरिका ही बुरशी मात्र पानाच्या आत शिरते. त्यामुळे एकदा रोग पसरल्यावर पानाच्या पृष्ठभागावरच काम करणारे नुसते गंधक पुरेसे पडले नाही.

मग प्रथम तोडणीस आलेली मिरची तोडली, गळलेली पाने गोळा करून प्लॉटबाहेर पुरली आणि युरिया थांबवला. त्यानंतर ऊन उतरल्यावर, नोझल वरच्या दिशेने वळवून पानांची खालची बाजू पूर्ण भिजेल अशा रीतीने, मायक्लोब्युटॅनिल १० टक्के डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची भुकटी) हे बुरशीनाशक १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम या प्रमाणात फवारले. दहा दिवसांनी गट बदलून, म्हणजे वेगळ्या पद्धतीने काम करणारे बुरशीनाशक म्हणून, ॲझॉक्सिस्ट्रोबिन २३ टक्के एससी (द्रवरूप) १० लिटरला १० मिली घेतले. पुढची तोडणी लेबलावरील प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणी यांत ठेवायचे दिवस) संपल्यावरच केली. जुने डाग तसेच राहिले, पण नवीन शेंड्याची पाने दोन्ही बाजूंनी स्वच्छ निघाली.